दोर दोन, माणसं चार

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): पत्रलेखक २७ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला सिव्हिल इंजिनीअर. शैक्षणिक कर्ज काढून कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आला, कॉलेजचा दोन वर्षांचा कोर्स केला आणि आता पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिटवर आहे. उंच इमारतींच्या बाल्कन्या दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो आठ महिने साइट सुपरवायझर म्हणून काम करतोय. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या झुलत्या प्लॅटफॉर्मवर, म्हणजे स्विंग स्टेजवर, एका वेळी चार कामगार चढतात. हार्नेस सगळ्यांच्या अंगावर असतो, पण तो अडकवायला स्वतंत्र लाइफलाइन, म्हणजे जीव वाचवणारे दोर, दोनच आहेत. ‘पुढच्या आठवड्यात आणतो’ असं मालक गेले सहा आठवडे म्हणतोय. रोज सकाळी सेफ्टी टॉकच्या कागदावर ‘सर्व साधनं तपासली’ या ओळीखाली सही मात्र या मुलाची असते. तो लिहितो: ‘तक्रार केली तर नोकरी जाईल, नोकरी गेली तर पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी, जाईल. घरी हप्ते आहेत. बाबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेत, ते म्हणतात परक्या देशात भानगडीत पडू नकोस. शेवटी जबाबदारी मालकाचीच ना? आणि हा कॅनडा आहे. खरंच धोका असता तर इन्स्पेक्टरने एव्हाना काम थांबवलं नसतं का? ताई, मी काय करू?’

प्रिय मित्रा,

आधी उद्या सकाळचं सांगते. बाकीचं मागून.

उद्या त्या स्टेजवर दोनच माणसं चढव. दोर दोन, तर माणसं दोन. उरलेल्या दोघांना खाली राडारोडा भरायला लाव, मटेरियल पोचवायला लाव, काहीही काम दे. आणि त्या कागदावर ‘सर्व साधनं तपासली’ एवढ्यावर भागवू नकोस. जे आहे ते लिही: ‘लाइफलाइन दोन, म्हणून आज स्टेजवर दोन कामगार.’ त्याखाली सही कर.

आता तुझा प्रश्न. तक्रार करू की नको, असं तू विचारतोस. पत्रभर मला जाणवत राहिलं की तू स्वतःला त्या साइटवरचा सगळ्यात लहान माणूस समजतोयस. वयाने असशील, पगारानेही असशील. पण ओंटारिओच्या कायद्यात सुपरवायझर म्हणजे ज्याच्या ताब्यात कामाची जागा आहे, किंवा ज्याचा एखाद्या कामगारावर अधिकार चालतो, तो. कामगार साधनं नीट वापरतोय ना, त्याला धोका सांगितलाय ना, परिस्थितीत शक्य ती प्रत्येक वाजवी खबरदारी घेतलीय ना, हे बघणं हे सुपरवायझरचं स्वतःचं कर्तव्य आहे. मालकाचं कर्तव्य त्याच्या जागी, तुझं तुझ्या जागी. त्याने चुकवलं म्हणून तुझं फिटत नाही. उद्या चौघांपैकी एकजण म्हणाला, ‘मी चढत नाही, दोर नाही,’ तर कायद्याने तो आधी सुपरवायझरकडे, म्हणजे तुझ्याकडेच येणार. तक्रार कुणाकडे करू म्हणतोस, पण त्या साइटवर तक्रार ऐकून घेणारा पहिला माणूस तूच आहेस.

किपलिंग अव्हेन्यूची गोष्ट तुला कॉलेजात कुणी सांगितली का? नसेल तर नीट ऐक, कारण ती जवळजवळ तुझीच गोष्ट आहे. टोरंटो, २४ डिसेंबर २००९, ख्रिसमसच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. मेट्रॉन कन्स्ट्रक्शन ही कंपनी एका उंच इमारतीच्या बाल्कन्या दुरुस्त करत होती. एरवी एका स्टेजवर दोन माणसं असायची. त्या दिवशी काम आटोपून खाली यायच्या वेळी तेराव्या मजल्याजवळच्या स्टेजवर सहा कामगार होते आणि लाइफलाइन दोन. प्रोजेक्ट मॅनेजर वादिम काझेनेलसन तिथेच होता. त्याने साइट सुपरवायझरला लाइफलाइनबद्दल विचारलं. काळजी करू नका, असं उत्तर मिळालं. त्याने पुढे काही केलं नाही. स्टेज तुटलं. काझेनेलसन बाल्कनीला धरून वाचला. दोराला नीट अडकवलेला एक कामगार हवेत लटकत राहिला, तोही वाचला. बाकीचे पाच शंभर फुटांहून खाली आले. चौघे गेले. पाचवा जन्माची दुखापत घेऊन जगला. गेलेल्यांत तो साइट सुपरवायझरही होता, ज्याने काळजी करू नका म्हटलं होतं. सगळे आपल्यासारखेच, बाहेरच्या देशातून पोटासाठी आलेले.

कंपनीला आधी २ लाख डॉलरचा दंड झाला. २०१३ मध्ये अपील कोर्टाने तो साडेसात लाखांवर नेला. पण तुरुंगाची शिक्षा कुणाला झाली ते बघ. काझेनेलसनला, साडेतीन वर्षांची, आणि २०१८ मध्ये अपिलातही ती कायम राहिली. तो कंपनीचा मालक नव्हता. त्याने दोर चोरले नव्हते, कुणाला ढकललं नव्हतं. त्याने विचारलं होतंसुद्धा. विचारून तो थांबला, एवढंच.

तूही सहा आठवड्यांपूर्वी विचारलंस.

हे सांगून मला तुझी उरलीसुरली झोप उडवायची नाही. पण ‘शेवटी जबाबदारी मालकाचीच’ या वाक्याला टेकून तू उभा आहेस आणि ते तुझं वजन पेलणारं नाही. अपघात झाला नाही तरी ओंटारिओच्या सुरक्षा कायद्याखाली सुपरवायझरला ५ लाख डॉलरपर्यंत दंड आणि १२ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर फौजदारी कायदाही आहेच. लोकांना काम सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे त्याने त्यांना इजा होऊ नये म्हणून वाजवी पावलं उचललीच पाहिजेत, असं कलम त्यात ३१ मार्च २००४ पासून आहे.

ते कलम आलं कुठून, हे सांगितलं की तुझ्या इन्स्पेक्टरच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळेल. आपण भारतातून येताना एक हिशेब मनात घेऊन येतो: तिकडे कायदा कागदावर, इकडे कायदा अमलात. रात्री दोन वाजता रिकाम्या चौकातही गाडी लाल दिव्याला थांबलेली दिसते आणि तो हिशेब पक्का होतो. पण तो पूर्ण खरा नाही. नोव्हा स्कोशियातल्या प्लिमथ गावाजवळ वेस्ट्रे नावाची कोळशाची खाण होती. खाणीत कोळशाची भुकटी साचली होती. भुकटी साफ करा, दगडाची पूड पसरा, असे आदेश इन्स्पेक्टरने २९ एप्रिल १९९२ ला दिले. ९ मेच्या पहाटे स्फोट झाला आणि २६ खाणकामगार गेले. त्यांतल्या ११ जणांचे देह आजही खाली आहेत. म्हणजे इन्स्पेक्टर येऊन गेला होता, आदेश देऊन गेला होता, आणि दहा दिवसांत त्या आदेशाचं पुढे काय झालं हे कुणी बघितलं नाही. व्यवस्थापकांवर खटला भरला तो शेवटपर्यंत गेला नाही. वारलेल्यांच्या घरच्यांनी आणि कामगार संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे फौजदारी कायदा बदलला. त्याला वेस्ट्रे कायदा म्हणतात.

तेव्हा ‘इन्स्पेक्टर आला नाही’ याचा अर्थ ‘धोका नाही’ असा लावू नकोस. तो तुझ्या साइटवर कदाचित कधीच आला नसेल. ओंटारिओची सगळी रचनाच अशी आहे की धोका आधी जागेवरच्या माणसांना दिसतो आणि त्यांनीच तो तिथल्या तिथे थांबवायचा. इन्स्पेक्टर ही मागची फळी. ही रचना कामगारांनीच मिळवली. ओंटारिओतल्या एलियट लेकच्या युरेनियम खाणीतले कामगार सिलिकाच्या धुळीने आणि किरणोत्साराने फुप्फुसं गमावत होते. १९७४ मध्ये त्यांनी काम बंद केलं, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला, आणि १९७९ मध्ये लागू झालेल्या कायद्याने तीन हक्क पक्के झाले: धोका काय आहे हे जाणून घेण्याचा, सुरक्षेच्या निर्णयात भाग घेण्याचा आणि धोक्याचं काम नाकारण्याचा.

टोरंटोत यॉर्क मिल्स सबवे स्टेशनवर कधी उतरलास तर तिथे लावलेली मोठी गोधडी बघ. हो, गोधडीच, कापडाचे तुकडे जोडून शिवलेली. १७ मार्च १९६० ला त्याच भागात, हॉग्ज हॉलोमध्ये, पाण्याच्या पाइपसाठी खणलेल्या बोगद्यात पाच इटालियन मजूर अडकून मेले. त्यांच्या आठवणीची ती गोधडी. तेही देशात नव्याने आलेले होते, तेही घरी पैसे पाठवत असतील, त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल की परक्या देशात तोंड उघडू नका. त्या मृत्यूंनंतर ओंटारिओला आपले सुरक्षा नियम नव्याने लिहावे लागले. बाबांना हे सांग. ज्या नियमांना ते परक्यांची भानगड म्हणताहेत ते परक्या मजुरांच्याच जिवावर आले आहेत.

आता पीआर. तुझी भीती खरी आहे, पण तिच्यात एक चूक शिरलीय. पोस्ट ग्रॅज्युएशन वर्क परमिट ओपन असतं. ते या मालकाला बांधलेलं नाही. उद्या दुसरीकडे लागलास तर कुणाची परवानगी नको. कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी, म्हणजे इथल्या कामाच्या अनुभवावर पीआर मिळवण्यासाठी, मागच्या तीन वर्षांत एक वर्षाचं कुशल काम लागतं. ते एकाच मालकाकडे हवं किंवा सलग हवं, अशी अट नाही. तुझे आठ महिने कुठेही जात नाहीत. मालक पुढे अनुभवपत्र देताना अडवेल ही शंका रास्त आहे, म्हणून पगाराच्या पावत्या, टी-फोर (वर्षभराच्या पगाराचा, कराचा दाखला), नेमणुकीचं पत्र, कामाचं स्वरूप ज्यात दिसतं असे मेल, हे सगळं या आठवड्यातच घरी जमा कर. आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. जीवघेण्या निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला पीआर तर सोडच, देशात राहणंसुद्धा अवघड होतं. तुझ्या पीआरला तक्रारीपेक्षा त्या रोजच्या सहीचा धोका जास्त आहे.

सहीबद्दल मला माझं एक सांगायचंय. मी एका पॅकिंगच्या कारखान्यात बारा वर्षं काम केलं. त्यातली पाच वर्षं कामगारांच्या बाजूने सुरक्षा समितीवर होते. महिन्यातून एकदा फिरून पाहणी करायची आणि तक्ता भरायचा. एका कन्व्हेयरचं गार्ड एका बोल्टावर लोंबत होतं. दोन महिने मी ते बघितलं आणि दोन्ही महिने ‘ठीक’ वर खूण केली, कारण मेन्टेनन्सवाला म्हणाला होता, शनिवारी करतो. तिसऱ्या महिन्यात एका बाईची उजव्या हाताची दोन बोटं त्यात गेली. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या शेजारी बसायची. कामावर परत आल्यावर ती डब्याचं झाकण छातीशी धरून डाव्या हाताने उघडायची. मी हात पुढे केला की मान हलवून नको म्हणायची. चौकशीत तो तक्ता माझ्यासमोर ठेवला, खाली निळ्या शाईत माझी सही. मला कुणी काही बोललं नाही, सगळा ठपका कंपनीवर आला. पण तिला ते झाकण उघडताना मी रोज बघत होते. म्हणून तुला आधी उद्या सकाळचं सांगितलं.

दोनच माणसं चढवल्यावर मालक विचारणार, काम मागे का पडलं. त्याने विचारायच्या आधीच त्याला मेल कर. कलमं नकोत, रागही नको. चार वाक्यं पुरेत: चौघांना चार स्वतंत्र लाइफलाइन लागतात, सध्या दोन आहेत, बाकीच्या येईपर्यंत मी दोनच माणसं चढवतोय, कधी येतील ते कळवा. मेलची प्रत स्वतःच्या खात्यावर ठेव. छोट्या कंपन्यांचे बरेच मालक हे जाणूनबुजून करतात असं मला वाटत नाही. आजवर काही झालं नाही, म्हणून उद्याही होणार नाही, एवढ्यावर ते दिवस ढकलत असतात. तोंडी सांगितलेलं ते विसरतात, मेल विसरता येत नाही. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं अशा एका मेलवर सुटतात.

त्याच वेळी त्या चौघांशी बोल. त्यांच्यातले काही विद्यार्थी असतील, काही तुझ्याहून जास्त घाबरलेले. हिंदीत बोल, मोडक्या पंजाबीत बोल, पण समोरासमोर सांग की चढायला नकार देणं हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. नकार दिला की सुपरवायझरने त्या कामगाराच्या आणि कामगार प्रतिनिधीच्या समोर तपासणी करायची असते. तरीही कामगाराचं समाधान झालं नाही तर ओंटारिओच्या कामगार मंत्रालयाच्या इन्स्पेक्टरला बोलवावं लागतं. मधल्या वेळात दुसऱ्याला चढवायचं असेल तर आधीच्याने नकार दिलाय आणि का दिलाय, हे त्याला सांगावंच लागतं. साइटवर पाचाहून जास्त कामगार असतील तर कामगारांनी स्वतः निवडलेला सुरक्षा प्रतिनिधी असायला हवा. तुमच्याकडे कोण आहे? कुणीच नसेल तर ही आणखी एक गोष्ट मेलमध्ये जाते. सगळ्यांच्या वर्किंग ॲट हाइट्स, म्हणजे उंचीवर काम करायच्या, प्रशिक्षणाच्या तारखाही बघून घे, त्याची मुदत तीन वर्षांनी संपते.

आणि मालक म्हणाला, ‘गप्प चौघांना चढव’ तर? तर नाही म्हण. त्याच दिवशी मंत्रालयाच्या आरोग्य व सुरक्षा क्रमांकावर, १-८७७-२०२-०००८ वर, फोन कर. नाव न देता तक्रार करता येते. अर्थात दहा माणसांच्या कंपनीत फोन कुणी केला हे मालकाला कळायला वेळ लागत नाही, ते धरूनच चाल. सुरक्षेचा मुद्दा काढला म्हणून कामावरून काढणं, पगार कापणं, धमकावणं बेकायदा आहे. त्याविरुद्ध ओंटारिओ लेबर रिलेशन्स बोर्डाकडे जाता येतं, आणि तिथे सूड घेतला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. युनियन नसलेल्या कामगाराला ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर यात फुकट मदत करतं. तरी नोकरी जाणारच नाही अशी हमी मी देणार नाही. बोर्डाचा निकाल येईपर्यंत घरभाडं थांबत नाही, कर्जाचा हप्ताही नाही. म्हणून दुसरी नोकरी शोधायला आजपासून लाग. मालकाशी वाजल्यावर शोधण्यापेक्षा आत्ता शोधणं सोपं, आणि हातात दुसरा पर्याय असला की नाही म्हणताना आवाज चढवावा लागत नाही.

आजवर ज्या सह्या करून झाल्या त्यांचं काय, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार. ते कागद बदलू नकोस, फाडू नकोस, मागची तारीख टाकून काही लिहू नकोस. त्यांच्याबद्दल एकदा वकिलाशी बोल. लॉ सोसायटी ऑफ ओंटारिओच्या रेफरल सेवेतून पहिला अर्धा तास विनामूल्य मिळतो. मी वकील नाही, आणि या एका बाबतीत माझ्या शब्दावर विसंबू नकोस.

हे वाचणारे बाकीचे काहीजण दुसऱ्या प्रांतांत असतील. नकाराचा हक्क कॅनडात सगळीकडे आहे, दार मात्र वेगळं: ब्रिटिश कोलंबियात वर्कसेफबीसी, क्युबेकमध्ये सीएनईएसएसटी, आणि प्रांताची हद्द ओलांडणारे ट्रक, रेल्वे, विमानं यांना केंद्राचा कॅनडा लेबर कोड लागू होतो. ट्रक चालवणाऱ्या मुलांची पत्रं माझ्याकडे बरीच येतात. दिवसाला १३ तासांच्या वर गाडी चालवायला लावतात आणि लॉगमध्ये, म्हणजे तासांच्या नोंदीत, कमी दाखव म्हणतात, अशी. त्यांनाही मी हेच सांगते. लॉग तुमच्या नावावर असतो, गाड्या पाठवणाऱ्या डिस्पॅचरच्या नाही. ज्यांचं परमिट एकाच मालकाला बांधलेलं आहे आणि तिथे छळ होतोय, त्यांना २०१९ पासून वेगळं ओपन परमिट मागता येतं. तुम्ही अडकला आहात असं कुणी सांगितलं तर आधी हे तपासा.

राहता राहिले बाबा. त्यांच्यावर रागावू नकोस, ते मुलाला जपताहेत. पण ते लाइनमन होते हे वाचल्यापासून मला त्यांच्याशीच बोलावंसं वाटतंय. या रविवारी फोन करशील तेव्हा पीआरचा विषय बाजूला ठेव आणि त्यांच्या कामाचं विचार. सबस्टेशनमधून लाइन बंद केल्याचं परमिट हातात आल्याशिवाय, अर्थिंग केल्याशिवाय ते कधी खांबावर चढले का? साहेबांनी नुसतं तोंडी सांगितलं, ‘लाइन बंद आहे, चढ,’ तर काय करायचे? आणि जोडीदार अजून वर तारेवर काम करत असताना खालून कुणी म्हणालं, ‘उशीर होतोय, परमिटवर सही करून परत देऊन टाक,’ तर त्यांनी सही केली असती का?

ते काय म्हणाले ते मला कळव. दोर आले की तेही कळव.

तुझी ताई